रडकी कॅसेट

मी आयुष्यात शेताच्या बांधावरून भांडले नाही, दागिन्यांवरून भांडले नाही, सुनेच्या हातच्या भाजीवरून तर मुळीच नाही. भांडले ती एका कॅसेटवरून. हिराजी टोकावडेकरची तिसरी कॅसेट. आता नातवंडांना सांगायला जावं तर कॅसेट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, आणि हिराजी कोण तिथवर पोचेपर्यंत त्यांचा अंगठा मोबाइलवर फिरायला लागलेला असतो. म्हणून लिहूनच ठेवते. वाचायचं तो वाचील, नाही वाचलं तर माझं काय जातं.

हिराजी आमच्याच मुरबाड तालुक्यातला. हळदीची गाणी म्हणायचा. आता हळद म्हटलं की शहरातल्या लोकांना वाटतं, गालाला बोट लावलं, फोटो काढला, झालं. आमच्याकडे तसं नसतं. अख्खं गाव नाचतं, पाहुणे नाचतात, ज्याचं नवऱ्याशी काही नातं नाही तोही नाचतो, आणि घाम पुसत सगळे वडे-मटणाच्या पंगतीला बसतात. हिराजीच्या पहिल्या दोन कॅसेटी आल्या आणि मुरबाड-शहापूर दोन्ही तालुक्यांत दुसऱ्या कुणाचं गाणं लावायची सोय राहिली नाही. बँजो सुरू झाला की माझे बाबा, जे एरवी खळ्यावर भाऱ्याखाली वाकून कमरेच्या नावानं ओरडायचे, ते सगळ्यांच्या पुढे. आई तोंडाला पदर लावून हसायची. मला बाबांची लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकदम.

ही गाणी वाजायची ती भोंग्यावर. आमच्या शेजारचा गणूकाका माइकवाला होता. त्याच्याकडे दोन मोठे भोंगे, एक मशीन आणि वायरींची भेंडोळी. हळदीच्या घरचा सगळ्यात उंच आंबा बघून काका स्वतः वर चढायचा, भोंगा बांधायचा, आणि कुणाला तरी सायकलवर पुढच्या गावात पिटाळायचा, ऐकू येतंय का बघायला. हळदीची अब्रू त्यावर ठरायची. मटण कसं झालं होतं हे लोक विसरत, पण अमक्याच्या हळदीचा भोंगा काळू नदीपलीकडे ऐकू गेला होता हे पोरंबाळं मोठी होईतो सांगत. कॅसेटची पारखही तशीच व्हायची. भोंग्यावर वाजली की चांगली, नाही वाजली की टाकाऊ. आमच्या दोन तालुक्यांत कुणालाही यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. मलाही आधी वाटलं नव्हतं.

मग ती तिसरी आली. लोक बँजोची वाट बघत होते आणि हिराजीनं म्हटले होते धवळे. धवळे म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी, मांडव घालण्यापासून मुलगी सासरी पाठवण्यापर्यंतची. ती म्हणायची धवळारणीनं. गावात एखादी जाणती बाई असते, तिच्या तोंडून धवळा निघाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तर चालतो, धवळारणीशिवाय पान हलत नाही. हिराजीची आई अशी धवळारीण होती. ती गेली आणि तिच्या मागं त्यानं ही कॅसेट काढली, बँजो नाही, ढोलकी नाही, नुसता मृदंग, तोही कुठं कुठं. बायकांचं गाणं बाप्यानं म्हटलेलं, आणि तेही असं हळू की शेजारी बसून सांगतोय जणू. गणूकाकानं ती एका हळदीत लावली. नाचायला पोरं हात वर करून उभी राहिली ती तशीच राहिली. भोंग्यातून नुसती खरखर आणि मधूनच कण्हल्यासारखं काहीतरी. नवऱ्याचा चुलता धावत आला आणि म्हणाला, हळद माझ्या घरी हाय का मयत? दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं रडकी कॅसेट. मुरबाडच्या स्टँडाजवळच्या कॅसेटवाल्यानंही ती मागच्या फळीवर सारली.

बाबांनी मात्र ती घेतलेली होती, कारण हिराजीचं काहीही निघालं की ते घेत. एकदा लावली, तोंड वाकडं केलं आणि टेपच्या मागं टाकून दिली. तिथून ती मी उचलली. आमचं माजघर थंड आणि अंधारं, शेणानं सारवलेलं. दुपारची मी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची, पलीकडे चुलीपाशी आई भाकऱ्या थापायची, आणि टेपचा आवाज मी एवढा कमी ठेवायची की भाकरी थापल्याचा आवाज त्याच्याहून मोठा यावा. अशी ती ऐकली आणि मला कळलं, अरे, ही गोष्ट भोंग्यासाठी केलेलीच नाही. हा माणूस घरात बसून घरातल्यांना सांगतोय. शेवटच्या धवळ्यात, पाठवणीच्या, त्याचा आवाज फाटतो. सरळ फाटतो, आणि त्यानं ते तसंच ठेवलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे हात सुपात थांबले. आईनं विचारलं, खडा लागला का गो? मी हो म्हटलं.

त्यानंतर मी त्या कॅसेटची वकील झाले. भात झोडून झालं की बाबा, गणूकाका आणि गावातले आणखी दोघंतिघं ओट्यावर बसत. सुक्या बोंबलाचा वास घरभर, चहाचे कप हातात, आणि बोलणं फिरून फिरून हिराजीवर. पहिली कॅसेट चांगली की दुसरी, यावर मोठाली माणसं अशी हमरीतुमरीवर यायची की वाटावं आता दुसऱ्या दिवशी बोलणं बंद होणार. मी दाराच्या आडून म्हणायची, तिसरी. मग सगळे हसायचे. गणूकाका म्हणायचा, जी कॅसेट आंब्यावरून खाली उतरत नाही ती कसली कॅसेट. मी म्हणायची, काका, ती आंब्यावर चढवायचीच नाही. बाबा कपाळाला हात लावायचे आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, की हिचं नाव मंजुळा ठेवलं ही माझी चूक झाली. मला त्यांचा राग यायचा नाही. खरं सांगायचं तर त्या ओट्यावरच्या भांडणाइतकं सुख मला तेव्हा दुसऱ्या कशात नव्हतं.

पण बाबांची काळजी खोटी नव्हती. मी लग्नाची झाले होते आणि माझी दोन स्थळं माझ्या तोंडापायी गेली होती. पहिल्याच्या आत्यानं मला नाचणी दळता येते का विचारलं, मी म्हटलं येते, तुमच्या भाच्याला येते का? दुसऱ्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिसरं स्थळ आलं ते किन्हवलीचं, तिकडं शहापूर तालुक्यातलं. मुलगा जनार्दन, मुरबाडच्या एका कंपनीत कामाला. घर चांगलं, भातशेती, माणसं साधी. आईनं मला माजघरात बसवलं आणि बजावलं, पोहे द्यायचे, विचारलं तेवढ्याला हो-नाय करायचं, बाकी दातांवर दात. बाबा नुसते बघत राहिले, आणि त्यांच्या बघण्यानं मला जास्त वाईट वाटलं. मी मनाशी ठरवलं की या वेळी गप्प बसायचं. आणि त्याच वेळी वाटत होतं, आज गप्प बसले आणि जमलं, तर पुढं जन्मभर गप्पच बसायला लागणार. ते कसं जमायचं?

किन्हवलीची माणसं सकाळच्या एसटीनं सरळगावावरून आली. जनार्दन, त्याची आई, आणि त्याचे मामा. मामा म्हणजे घरातलं मोठं माणूस, पांढरी टोपी, आवाजात वजन. पोहे झाले, चहा झाला, शेती किती, भावंडं किती, सगळं झालं, आणि मग अशा बैठकीत येते तशी ती शांतता आली. ती मोडायला मामांनी विचारलं, पोरीला गाण्याबिण्याची आवड हाय का? बाबा खुलले. म्हणाले, आमचं घर म्हणजे हिराजीचं घर, सगळ्या कॅसेटी हायेत, ती रडकी सोडून बोला. सगळे हसले. इतका वेळ खाली बघत बसलेला जनार्दनही मान वर करून म्हणाला, ती फसलीच त्याची.

माझ्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. आईनं डोळे मोठे केलेले मला दिसले. मी बघितलं न बघितलं केलं. म्हटलं, तुमी ती भोंग्यावर ऐकली असंल, म्हणून फसली वाटते. घरात ऐका.

तो माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघत म्हणाला, ‘‘घरातच ऐकली. माझी आजी धवळारीण होती. तिच्या शेजारी बसून ऐकली.’’

हे मला अनपेक्षित होतं. भोंग्याचा मुद्दा माझा हुकमी होता, तो एका वाक्यात गेला. मी विचारलं, मग काय फसलं त्यात? आणि त्यानं सांगितलं. वर्षानुवर्षं मी ते वाक्य मनात घोळवलंय, त्यामुळं शब्दन् शब्द आठवतो.

‘‘धवळारीण रडत नाय. ती रडली तर लगीन पुढं कोण नेणार? ती सगळ्यांना रडवते आनि सोता उभी राहते. हा गाताना सोताच रडतो. मंग आमाला रडायला काय उरलं?’’

मी ट्रे खाली ठेवला. तो खाली ठेवायला नको होता असं आई पुढं पुष्कळ वर्षं म्हणत असे. मी म्हटलं, ‘‘तो धवळारीण नाय. धवळारणीचा पोरगा हाय. आई गेल्यावर पोरानं रडू पण नये का?’’

झालं. पुढचा अर्धा तास आमच्या घरात बघण्याचा कार्यक्रम चाललाय हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. बाबा, जे सकाळपासून मी गप्प राहावं म्हणून माझ्याकडं बघत होते, तेच उठून जनार्दनच्या बाजूनं माझ्याशी भांडायला लागले. भिंतीपलीकडून हिराजीचं नाव ऐकून गणूकाका आला आणि भोंग्याचं पुराण सांगत बसला. जनार्दनची आई इतका वेळ डोक्यावरचा पदर सावरत बसलेली, ती एकदम म्हणाली की पोरीचं बरोबर हाय, मला पण ती कॅसेट आवडते, पण घरात कोण लावू देतं? जनार्दन आईकडं असा बघायला लागला, जसा काही घरातच कुणी दगा दिलाय. माझी आई दाराला टेकून उभी होती, तिनं सगळ्यांना पुन्हा चहा टाकला.

शेवटी मामांनी टोपी नीट केली आणि उठले. म्हणाले, कळवतो. आमच्याकडे ‘कळवतो’ म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. ओट्याच्या पायऱ्या उतरताना ते बाबांना बाजूला घेऊन बोलले, आणि मुद्दाम हळू बोलले नाहीत. पहिल्याच दिवशी पोरगी मुलासमोर उलट बोलते, घरात आल्यावर काय करील. बाबांनी मान खाली घातली.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी टेप लावला नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची, भाजीत मीठ बघ, गुरं आत घे, बास. बाबा तर मला ओरडलेही नाहीत, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. एका संध्याकाळी ते ओट्यावर एकटे बसलेले, मी चहा घेऊन गेले, तर कपात बघत म्हणाले, माझ्यावर गेलीस. मला रडू आलं. मला तो मुलगा आवडला होता, हे आता लिहायला काय हरकत आहे. माझ्याशी त्या पद्धतीनं आजवर कुणी भांडलंच नव्हतं. ओट्यावरची माणसं मला हसायची, हा हसला नाही. माझा मुद्दा ऐकून, थांबून, मग त्यानं उत्तर दिलं होतं. आणि तो गेला होता.

मग एका दुपारी मी अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होते, आणि बघते तर जनार्दन आणि त्याची आई रस्त्याकडून चालत येतायत. मामा नाहीत. बाबा गोठ्यातून हात पुसत बाहेर आले. जनार्दनची आई ओट्यावर टेकली, पाणी प्याली आणि सरळ म्हणाली, ती कॅसेट ऐकायला आलोय. आमच्या घरची कुणीतरी चोरली, बहुतेक ह्यानंच. तोही नाकारत नव्हता. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी कॅसेट काढली, माजघरात टेप लावला, आवाज माझ्या पद्धतीनं कमी ठेवला, आणि आम्ही पाचजण सारवलेल्या जमिनीवर बसून पाठवणीचा धवळा ऐकला. हिराजीचा आवाज फाटला तिथं जनार्दनच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. माझी आई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

गाणं संपलं. मला माहीत होतं आता काय होणार. त्याच्या आईनं येता येता एसटीत त्याला पढवलं होतं, हो म्हण, पोरीचं मन राख आणि विषय मिटव. हे तिनंच मला मागाहून सांगितलं, पण त्या वेळीही तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. बाबांच्याही. सगळे त्याच्या एका शब्दाची वाट बघत होते. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, ‘‘तुमचं म्हणणं कळलं. पण पटलं नाय.’’

त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी डोळे मिटले. आणि मला मात्र असा आनंद झाला की लपवता येईना. लग्न जमवायला आलेला माणूस, एक ‘हो’ म्हटलं की सगळं सुरळीत होणार, आणि हा खोटं बोलायला तयार नाही. मी विचारलं, मोठ्यांदेखत विचारलं, ‘‘आनि तुमच्या घरी मी रोज असं बोलले तर?’’

‘‘मंग मी पण बोलीन,’’ तो म्हणाला.

मामा लग्नाला आले, जेवले, आणि शेवटपर्यंत माझ्याशी थोडं तुटकच राहिले. पुढं आमच्या घरी आले की मात्र माझ्या हातचा चहा मागून घ्यायचे. ते असो. हळदीला गणूकाकानं भोंगा नेहमीच्या आंब्यावर न बांधता पार टेकाडावरच्या आंब्यावर बांधला, पहिली आणि दुसरी कॅसेट आलटून पालटून वाजवली, आणि बाबा नाचून नाचून दुसऱ्या दिवशी लंगडत होते. तिसरीचं कुणी नाव काढलं नाही, मीही नाही. तिची ती जागाच नव्हती, हे तर माझंच म्हणणं.

पाठवणीच्या वेळी मात्र माझं ठरलं होतं की रडायचं नाही. किन्हवली काही लांब नाही, एसटी आहे, आणि मी माझ्या मनासारख्या घरी निघाले होते, रडायचं कशाला. मांडवाच्या खांबाला हात लावून आमच्या गावची धवळारीण उभी होती, ठमाबाई. काळी, किडकिडीत, गालात तंबाखूचा बार. त्या लग्नसराईत तिनं कितीतरी मुली पाठवल्या होत्या, आमच्यानंतर तिला पलीकडच्या पाड्यावर जायचं होतं. तिनं बार थुंकला आणि धवळा सुरू केला, तोच, मी माजघरात ऐकून ऐकून पाठ केलेला. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, आवाज सरळ, कोरडा, कुणाकडं बघत नव्हती. आणि माझा बांध फुटला. आईच्या गळ्यात पडून मी अशी रडले की बाबांना मला धरून गाडीपाशी न्यावं लागलं, आणि बाबाही रडत होते, गणूकाकाही, मामासुद्धा टोपी काढून डोळे पुसत होते. सगळा मांडव रडत होता आणि ठमाबाई एकटी उभी राहून लग्न पुढं नेत होती. जनार्दन माझ्या शेजारी होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं.

त्याचं बरोबर होतं. तिथंच, गाडीत बसता बसता, मला ते कळलं. मला हिराजीची कॅसेट आजही प्रिय आहे, आईला मूठमाती देऊन आलेल्या मुलाचं ते गाणं आहे आणि त्यानं रडावंच. पण धवळा ज्या कामासाठी असतो, ते काम ठमाबाईनं केलं. हे मी यांना कधी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं आम्ही त्या कॅसेटवरून जेवताना भांडलो, बाळंतपणात भांडलो, मुलाच्या हळदीत पाहुण्यांसमोर भांडलो. ती तुटली तेव्हा मुलानं मोबाइलवर शोधून दिली, तर त्याच संध्याकाळी पुन्हा भांडलो. एकदा कबूल केलं असतं तर हे सगळं केव्हाच संपलं असतं, आणि मग काय केलं असतं आम्ही?

हे आत्ता बाहेर ओट्यावर शेंगदाणे निवडतायत. मघाशी हाक मारून विचारलं, एवढं काय लिहितेस सकाळपासून. म्हटलं, कॅसेटच्या भांडणात तुमी कसे हरलात, ते. हसले. म्हणाले, मंग शेवट मला वाचून दाखव.

दाखवणार नाही.